चहा गार झाला म्हणजे आइस टी झाला असं नाही

मागच्या अंकात उन्हाळी सरबतांबद्दल लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकून दिली होती की आइस टी घरी करणं पन्ह्याहून सोपं, कैऱ्या उकडायच्या नाहीत की गर काढत बसायचं नाही. ती ओळ चांगलीच महागात पडली. पत्रं, मेल, व्हॉट्सॲप, सगळीकडून एकच सूर, ताई सोपं म्हणालात खरं पण आमचा काही जमला नाही. कुणाचा गढूळ, कुणाचा कडू, कुणाच्या घरी म्हातारी माणसं तोंड लावेनात. सगळं वाचून काढल्यावर लक्षात आलं की तक्रारी ढीगभर पण बहुतेकांच्या मागे चूक एकच, तुम्ही चहा उकळलाय. आपला हातच तसा वळलाय ना, आधण, पत्ती, साखर आणि मग रटरटा उकळी, दोनदा वर आल्याशिवाय चहा झाला असं आपल्याला वाटतच नाही. दुधाच्या चहाला ते बरोबर आहे. गार प्यायच्या चहाला नाही. तर या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकते.

प्रश्न : ताई, कोरा चहा केला, साखर लिंबू घातलं, फ्रीजमध्ये ठेवला आणि दोन तासांनी बघते तर एकदम गढूळ, जसं काही पावसाळ्यातलं नाल्याचं पाणी. वरून कडू पण. पाहुणे बसलेले, मी तो मागच्या मागे ओतून दिला आणि रसना केलं. पत्ती खराब आहे का?
– एक गृहिणी, नागपूर

उत्तर : अगं ओतलास कशाला, तो खराब नव्हता. पत्ती पण खराब नाही, उलट चांगली कडक आहे म्हणून तर गढूळ झाला. होतं काय की चहात कॅफिन असतं आणि तुरटपणा देणारी द्रव्यं असतात, गरम असताना दोन्ही पाण्यात सुखाने विरघळलेली राहतात, पण पाणी गार व्हायला लागलं की ती एकमेकांना चिकटतात आणि त्याचे बारीक कण होतात, ते कण म्हणजे तुझा गढूळपणा. चहाच्या धंद्यातले लोक याला क्रीमिंग म्हणतात. चहा जितका दाट आणि जितका उकळलेला तितका तो जास्त गढुळतो आणि गरम गरम उचलून थेट फ्रीजमध्ये ढकलला की तर विचारूच नको.

त्यात आपल्या घरात जी दाणेदार पत्ती असते ती सीटीसी. म्हणजे पान मशिनमध्ये चिरडून, फाडून, त्याची गोळी वळलेली असते, हेतूच हा की दोन मिनिटांत रंग आणि कडकपणा सुटावा आणि तो दुधाला पुरून उरावा. दुधातली प्रथिनं तो तुरटपणा धरून ठेवतात म्हणून आपल्याला तो कळत नाही. दूध काढून घेतलं की सगळा माल थेट जिभेवर. तुला कडू लागला तो असा.

माझी पहिली वेळ सांगते, म्हणजे तुला बरं वाटेल. लग्नाला वर्षच झालेलं, कुठल्याशा मासिकात वाचून मी रुबाबात आइस टी करायला घेतला, चार कप पाणी, चार मोठे चमचे पत्ती, चांगला दहा मिनिटं उकळला, वर दोन लिंबं पिळली आणि उंच काचेच्या ग्लासात बर्फ घालून सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरून नीट बघितला, एक घोट घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाले, भांडी विसळून झाली का. त्यानंतर पाच सहा वर्षं मी त्या वाटेला गेले नाही.

आता जे करते ते असं. एक लिटर आइस टीसाठी अर्धा लिटरच पाणी उकळायचं. उकळी आली की गॅस बंद, आधी बंद मग पत्ती, हा क्रम पाठ कर. सीटीसी असेल तर सपाट तीन चहाचे चमचे, झाकण, आणि दोन ते तीन मिनिटं, घड्याळ लावून. मोठ्या पानाची पत्ती असेल तर चार चमचे आणि चार ते पाच मिनिटं. गाळताना गाळणीतला चोथा चमच्याने दाबून पिळायचा नाही, ती सवय पण आपल्याला फार, शेवटचा थेंब सोडवत नाही, पण त्या शेवटच्या थेंबातच सगळा तुरटपणा बसलेला असतो. साखर घालायची असेल तर आत्ताच, गरमातच. मग वरून अर्धा लिटर साधं किंवा माठातलं पाणी ओतायचं आणि पातेलं तसंच ओट्यावर ठेवून द्यायचं, हाताला गार लागलं की मग फ्रीज. लिंबू अगदी पिताना. लिंबू पिळलं की रंग एकदम उजळतो, घाबरू नकोस, आंबटाने चहाचा रंग फिका होतोच.

इतकं करूनही गढुळला तर अर्धा कप उकळतं पाणी त्यात ओतून ढवळ, डोळ्यादेखत निवळतो. अमेरिकेत दक्षिणेकडे बायका गरम चहात चिमूटभर खायचा सोडा घालतात, तुरटपणा मरतो आणि चहा नितळ राहतो, पण चिमूट म्हणजे खरोखर दोन बोटांची चिमूट, जास्त झाला तर साबणाची चव येते (हेही करून झालंय). बोअरचं जड पाणी असेल तर त्यानेही चहा मंद दिसतो आणि वर पातळ साय आल्यासारखी दिसते, तिथे पिण्याचं फिल्टरचं पाणी वापर. आणि नेहमी करणार असशील तर एकदा निलगिरीचा चहा आणून बघ, तिकडे उटी कुन्नूरच्या डोंगरात होतो तो, वास चांगला आणि गार केल्यावर गढुळत नाही अशी त्याची ख्यातीच आहे. आसामचा कडक चहा दुधासाठी राहू दे.

प्रश्न : सकाळी 7.12 ची लोकल पकडायची असते, चहा निववत बसायला वेळ नाही. पण ऑफिसात बाटलीतून न्यायला आवडेल, तिथल्या मशिनचा चहा पिववत नाही. काही शॉर्टकट?
– लोकलवाली, डोंबिवली

उत्तर : तुझ्यासाठी तर सगळ्यात आळशी आणि माझ्या मते सगळ्यात चांगली रीत आहे. गॅसच पेटवायचा नाही. रात्री झोपताना एक लिटर गार पाण्यात चार चमचे पत्ती टाकायची, बाटलीला झाकण, फ्रीजमध्ये. मोठं पान असेल तर आठ दहा तास, म्हणजे सकाळी उठेपर्यंत बरोबर होतं. सीटीसीला चार पाच तासच बास होतात, रात्रभर ठेवली तर कडक होते, मग ती संध्याकाळी घरी आल्या आल्या टाकायची आणि झोपायच्या आधी गाळून ठेवायची. गार पाण्यात तुरटपणा फार सुटतच नाही, कॅफिन पण जरा कमी उतरतं, त्यामुळे चहा नितळ राहतो आणि चव गोडसर लागते, कित्येकांना साखर लागत नाही. पहिल्यांदा प्यायलीस की वाटेल फिका झालाय, तिसऱ्या दिवशी तोच आवडायला लागतो.

साखर लागतेच म्हणशील तर पाक करून ठेव. गार चहात साखर कितीही ढवळ, तळाशी बसते, पहिले चार घोट अळणी आणि शेवटचा घोट म्हणजे जिलबी. एक वाटी साखर एक वाटी पाणी, विरघळून एक उकळी, बास, तार बघायची नाही. बरणीत भरून फ्रीजमध्ये पंधरा दिवस सहज राहतो. त्यातच गरम असताना पुदिन्याची मूठ किंवा आल्याच्या चकत्या टाकून झाकून ठेवल्या आणि गार झाल्यावर गाळल्या की वेगळं काही करावं लागत नाही.

एकच सांगते, डब्याबरोबर पिऊ नकोस. चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही, पालेभाजी डाळीतलं तर जास्तच, आणि आपल्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कुठे असतं ते माहितीय. जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घे.

प्रश्न : सूनबाई कामावरून आली की फ्रीजमधला काळा गार चहा पिते. आमच्याकडे चहा गार झाला की टाकून देतात, ह्यांचं म्हणणं शिळा चहा विष. तिला सांगावं का? एकदा आम्हालाही दिला होता, लिंबाच्या चकत्या तरंगत होत्या, दिसायला छान पण कडूजहर.
– एक सासूबाई, सोलापूर

उत्तर : ताई, ह्यांचं म्हणणं चुकीचं नाही पण ते दुधाच्या चहाचं आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात दूध घातलेला चहा सकाळचा दुपारपर्यंत ओट्यावर राहिला तर तो नासणारच, आणि तो परत उकळून पिणं म्हणजे खरंच नको. कोरा चहा, गाळून, झाकून, फ्रीजमध्ये, हा वेगळा प्रकार आहे, दोन तीन दिवस नीट राहतो. फळांचे तुकडे किंवा रस घातला असेल तर मात्र त्याच दिवशी संपवायचा.

आता कडूजहरचं. त्या चकत्यांची आयडिया बाहेरच्या फोटोंतून येते. त्या फोटोत असतो तो पिवळा मोठा जाड सालीचा लेमन, आपलं ते कागदी लिंबू, साल पातळ, रस जास्त आंबट आणि सालीचा कडवटपणा लगेच उतरतो. दोन तास चकत्या तरंगल्या की खलास. रस पिळा, बी काढा, साल बाहेर. आणि रेसिपीत एक लेमन लिहिलं असेल तर आपलं अर्धंच घाला, मग चव बघून पुढचं.

तुमच्या ह्यांना बर्फ घातलेला देऊच नका, त्या वयात दातांना झिणझिण्या येतात आणि चव कळायच्या आधीच माणूस वैतागतो. माठाइतका गार करा, त्यात आल्याचा रस अर्धा चमचा, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडी साखर. चहा आहे म्हणून सांगू नका, सरबत म्हणून द्या. कोलकात्यात असा काळ्या मिठाचा लिंबू चहा रस्त्यावर गरम मिळतो, लोक रांगा लावून पितात, तोच गार समजा. सुनेला सांगण्यासारखं काही नाही, फक्त तुमच्यासाठी बिनचकत्यांचा ठेव म्हणावं.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला असतो. इथे हॉटेलात बसलं की पाण्याच्या आधी विचारतात स्वीट की अनस्वीट. स्वीट म्हणजे पाकच, अनस्वीट म्हणजे काढा. मुलांना सवय झालीये पण सांगलीहून सासूबाई येतायत तीन महिन्यांसाठी, त्यांना आवडेल असं काय करता येईल? आणि शेजारीण काचेच्या बरणीत टी बॅग टाकून दिवसभर उन्हात ठेवते, सन टी म्हणते. आई फोनवर म्हणाली आपण साखरांबा उन्हात ठेवतो तसंच की. करू का?
– टेक्सासकर

उत्तर : आधी सन टी, कारण ते महत्त्वाचं. नको. तुझ्या आईचं लॉजिक मला आवडलं पण साखरांब्यात साखर इतकी असते की त्यात काही जगूच शकत नाही, लोणच्यात मीठ आणि तेल तेच काम करतं. चहाच्या बरणीत नुसतं कोमट पाणी आणि शेतातून आलेलं पान. उन्हात ती बरणी फार तर पन्नास पंचावन्न अंशांपर्यंत तापते, जंतू मरायला ते पुरत नाही आणि वाढायला मात्र मधले कोमट तास छान मिळतात. तेवढंच काम रात्री फ्रीजमध्ये होतं, वरच्या डोंबिवलीच्या उत्तरात दिलंय बघ.

तुम्ही राहता तिकडे गार चहाचं वेड जुनं आहे. गोष्ट अशी सांगतात की 1904 साली सेंट लुईसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात भारतीय चहाच्या प्रचाराचं काम रिचर्ड ब्लेचिंडेन नावाच्या माणसाकडे होतं, उकाडा असा की गरम चहा कोण पिणार, मग त्याने चहा बर्फावरून गार करून वाटला आणि लोकांची झुंबड उडाली. म्हणून आइस टीचा शोध त्याने लावला असं सर्रास छापतात. ते काही खरं नाही, त्याच्या वीस पंचवीस वर्षं आधीच्या अमेरिकन पाककृतींच्या पुस्तकात गार चहा लिंबू घालून दिलेला सापडतो. त्याने फक्त लोकांना चटक लावली, आणि तीही आपल्या चहाची, ही मला मजा वाटते. आज अमेरिकेत जेवढा चहा प्यायला जातो त्यातला बहुतेक गारच असतो आणि आपण ज्या देशातून तो पाठवला तिथे सासूबाई म्हणणार, गार चहा? अगं बाई.

त्यांच्यासाठी माझं मत विचारशील तर अर्धा चहा आणि अर्धं लिंबू सरबत. तिकडे याला आर्नल्ड पामर म्हणतात, गोल्फ खेळणाऱ्या पामरच्या नावाने, तो असंच मिसळून मागवायचा. तू आपलं नेहमीचं वेलची आणि चिमूटभर मीठ घातलेलं लिंबू सरबत कर आणि त्यात बिनसाखरेचा गार चहा समसमान ओत. आधी सरबत, बर्फ, मग चहा हळूच चमच्याच्या पाठीवरून सोडलास तर खाली पिवळं वर तपकिरी असे दोन थर दिसतात, त्या खूश होतील आणि फोटो काढून सांगलीच्या ग्रुपवर टाकतील. हॉटेलात गेलात तर अर्धा स्वीट अर्धा अनस्वीट माग, देतात. आणि सकाळचा त्यांचा दुधाचा चहा मात्र जसाच्या तसा मिळाला पाहिजे हं, तिथे प्रयोग नको.

प्रश्न : आमच्याकडे सोलां भरपूर, परसात गवती चहाची बेटं माजलीयेत. आइस टीत घातलं तर चालतं की चव मारली जाते?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : चालतं काय, मला तर हाच खरा आपला आइस टी वाटतो. बाजारात पीच आणि लेमन हे दोनच फ्लेवर असल्यासारखं सगळे वागतात, पीच आपल्यापैकी कितीजणांनी झाडावर बघितलाय?

गवती चहाच्या बाबतीत मात्र माझाच नियम मोडायचा. तो उकळायचा. चार पाच पाती घ्यायची, धुवायची, एकत्र गाठ मारायची म्हणजे काढायला सोपं जातं, आणि पाण्यात पाच मिनिटं चांगली उकळायची, आलं घालायचं तर तेही याच वेळी. मग गॅस बंद, गाठ बाहेर, आणि त्यानंतर पत्ती, दोन मिनिटं. दोन्ही एकदम टाकून उकळलंत की गवती चहाचा वास यायच्या आत पत्तीचा कडवटपणा आलेला असतो. पत्ती नेहमीच्या निम्मीच घाला, वास पुढे राहतो.

सोलां कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करून ते पाणी लिंबाच्या ऐवजी घालायचं. रंग असा येतो की बघत राहावं, काचेचा ग्लास उन्हात धरला तर गडद माणकासारखा लाल. आगळ घालू नका, त्यात मीठ असतं, सोलकढीला ठीक, इथे चहा खारट होतो. अमृत कोकमची बाटली असेल तर साखर वेगळी नकोच, त्यातली पुरते. गवती चहा आणि कोकम दोन्ही एकाच ग्लासात मात्र मला नाही आवडत, दोघांची भांडणं होतात. तुमचं वेगळं मत असेल तर कळवा.

प्रश्न : हॉस्टेलला गॅस नाही, फक्त इलेक्ट्रिक किटली, ती पण लपवून. कॅफेत एका आइस टीला एका वेळच्या मेसचे पैसे जातात. प्रीमिक्स आणू का? मित्र म्हणतो लाँग आयलंड आइस टी पण घरी होतो, त्याची रेसिपी द्याल का?
– हॉस्टेलवासी, पुणे

उत्तर : प्रीमिक्सचं पाकीट उलटं करून मागची बारीक अक्षरं वाच, घटकांत पहिलं नाव साखरेचं असतं, म्हणजे सगळ्यात जास्त तीच. तू चहाच्या भावाने साखर विकत घेतोस. त्यापेक्षा टी बॅगचा डबा आण. दोन बॅगा, अर्धा ग्लास उकळतं पाणी, तीन मिनिटं, बॅगा काढायच्या, पिळायच्या नाहीत, दोन चमचे साखर ढवळायची आणि हे सगळं स्टीलच्या पेल्यात, कारण मी एकदा उकळता चहा थेट फ्रीजमधून काढलेल्या काचेच्या जगमध्ये ओतला होता, टक असा आवाज झाला आणि जगचा तळ ओट्यावर, चहा माझ्या पायावर. मग पेल्यात काठोकाठ बर्फ. बर्फ मेसच्या काकांकडून गोड बोलून मिळव. दोन बॅगा अशासाठी की बर्फ वितळून चहा पातळ होतो, तो हिशोब आधीच धरायचा. फ्रीज मिळत असेल तर उरलेला चहा ट्रेमध्ये ओतून त्याचाच बर्फ कर, मग शेवटपर्यंत चव टिकते. संत्र्याच्या दिवसांत अर्ध्या संत्र्याचा रस पिळ, पीचला विसरशील.

लाँग आयलंडची रेसिपी देत नाही. त्यात चहाचा एक थेंब नसतो बाळा, व्होडका, जिन, रम, टकीला आणि रंगाला कोला. फक्त चहासारखा दिसतो. आईवडील भेटायला आले आणि हॉटेलात नेलंस तर मेन्यूकार्डवर नाव बघून साधा चहा समजून त्यांच्यासाठी मागवू नकोस एवढंच.

प्रश्न : आमच्यात कोरा चहा म्हणजे आजारी माणसाचा. दुधाचा आइस टी होत नाही का? आणि साखरेऐवजी काकवी चालेल का, घरची आहे.
– एक शेतकरी कुटुंब, कोल्हापूर

उत्तर : होतो की, आणि इथे तुम्ही मनसोक्त उकळा, माझी काही हरकत नाही. उलट नेहमीपेक्षा दीडपट कडक करा कारण गार पदार्थाची चव जिभेला कमी लागते, गोडी पण कमी लागते. आलं वेलची घालून, साखर घालून फक्कड चहा करा, गाळा, आणि पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून मधूनमधून ढवळत राहा. ढवळलं नाही तर साय धरते आणि मग ग्लासात ती तोंडात येते, कुणालाच आवडत नाही. मग फ्रीज. बर्फ घालणार असाल तर याच चहाचा बर्फ, पाण्याच्या बर्फाने दुधाचा चहा अगदीच पाणचट होतो. थायलंडमध्ये कडक चहात कंडेन्स्ड मिल्क घालून बर्फावर ओततात, नारिंगी रंगाचा असतो तो, गोडमिट्ट, तुमच्याकडच्या मुलांना तो नक्की आवडेल. दुधाच्या आइस टीत लिंबू कधीही नाही, फाटतो. आणि हा त्याच दिवशी संपवायचा.

काकवी दुधाच्या चहात नको, दूध फाटायची भीती असते. पण कोऱ्या गार चहात काकवीसारखी दुसरी गोष्ट नाही. पातळच असते, गार पाण्यात सुद्धा पटकन विरघळते, पाक करायला नको. एका ग्लासाला दीड चमचा काकवी, आल्याचा रस, थोडं लिंबू. रंग जरा काळपट दिसतो पण खमंग लागतो. मळ्यात दुपारी कळशीभर करून न्या, बघा आजारी माणसाचा चहा किती जण परत मागतात.

प्रश्न : वय 62. दोनदा मुतखडा झालाय. डॉक्टर म्हणाले भरपूर पाणी प्या. नुसतं पाणी जात नाही म्हणून दिवसभर गार चहा पितो, चालेल ना?
– निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : सर, नाही. काळ्या चहात ऑक्झलेट असतं आणि बरेचसे मुतखडे त्याचेच बनतात. दिवसाला एखादा ग्लास वेगळा, पाण्याच्या जागी चहा वेगळा. 2015 साली अमेरिकेतल्या अर्कान्सासमधली एक केस डॉक्टरांच्या जर्नलमध्ये छापून आली होती, 56 वर्षांचा माणूस रोज सोळा ग्लास आइस टी प्यायचा, त्याच्या किडन्या त्या ऑक्झलेटनेच निकामी झाल्या आणि डायलिसिसवर जावं लागलं. तुमचा खडा कशाचा होता ते डॉक्टरांना विचारा आणि ते सांगतील तेवढाच घ्या. तोवर पाण्यात लिंबू पिळा, वाळ्याची जुडी माठात टाका, पाणी आपोआप जातं.

प्रश्न : रोज इतकी पत्ती गाळणीत उरते, तिचा दुसरा चहा होतो का? नाहीतर काय करू?
– काटकसरी, नाशिक

उत्तर : मोठ्या पानाच्या पत्तीचा एकदा होतो, जरा जास्त वेळ ठेवायचा. सीटीसीचा नाही, तिच्यात काही उरलेलं नसतं, नुसतं रंगीत पाणी मिळेल. चोथा गुलाबाच्या कुंडीत घाला, पण साखर किंवा दूध लागलेला असेल तर आधी धुवून, नाहीतर मुंग्यांची रांग लागते, आणि दोन दिवस सावलीत वाळवून मग मातीत मिसळा, ओला ढीग वरच ठेवला की बुरशी धरतो. फ्रीजमध्ये रात्रभर भिजवलेल्या पत्तीला साखर लागलेलीच नसते, ती नुसती पसरून वाळवली की काम झालं.